बारावा कप

कॅसिना हॉल, साउथ कॅरोलायना
१६ जानेवारी १९७९

प्रिय टीनी,

पाकीट उलटून नाव वाचलंस आणि म्हणालीस ना, ही बया अजून आहे? आहे. गेल्या आठवड्यात सहासष्ट पूर्ण झाली. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. तुझा पत्ता टपाल कचेरीतल्या आयझायाने दिला. तू फिलाडेल्फियात शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलीस आणि आता घरी बसलीस, हेही त्यानेच सांगितलं. तू घरी बसलीस यावर माझा विश्वास नाही. तुला एका जागी बसलेलं मी कधी पाहिलेलंच नाही.

आता कामाचं. या मार्चमध्ये गावातल्या बायकांची समिती जुनी घरं लोकांना दाखवायला खुली करणार आहे आणि पहिलं नाव आपल्या कॅसिना हॉलचं आहे. मी घेरदार झगा घालून दारात उभी राहणार. हसू नकोस. घराचा इतिहास सांगणारी एक पुस्तिकाही मीच लिहितेय. सुरुवात ऐक: ‘सन १८३८मध्ये माझे पणजोबा कर्नल लॉर्टन यांनी हे घर बांधले.’ पुढे यादवी युद्ध, उत्तरेचे यँकी सैनिक, भूकंप, सगळं झक्क जमलंय. फक्त स्वयंपाकघराचं प्रकरण कोरं आहे. तुझ्या आईच्या, मॉम बायनाच्या हातच्या तिळाच्या बिस्किटांची कृती मला हवीय. आणि तुला आठवतं ते सगळं. आपण दोघी याच घरात वाढलो ना!

लगेच लिही. मला वाट बघता येत नाही, तुला माहीत आहे.

तुझी,
हॅटी

*

फिलाडेल्फिया
२९ जानेवारी १९७९

मिस हॅटी यांस,

पत्र मिळालं. तुम्ही बऱ्या आहात हे वाचून बरं वाटलं. पाकिटावर नुसतं ‘अर्नेस्टीन’ होतं, म्हणून आमच्या टपालवाल्याने विचारलं, कुणी शाळकरी मैत्रीण आहे का? मी म्हटलं, नाही, तिची शाळा वेगळी होती, गोऱ्यांची.

बिस्किटांची कृती मागच्या पानावर लिहिली आहे. तीळ आधी कोरडेच भाजायचे, वास सुटला की उतरवायचे. लोणी अंदाजाने. आई कधी मोजायची नाही. छापाल तेव्हा खाली ‘बायना मंगिन’ असं तिचं नाव घाला. तुमच्या आईच्या नावावर ती बिस्किटं एकदा वर्तमानपत्रात आली होती, ते मी विसरलेले नाही.

कर्नलसाहेबांनी घर बांधलं असं तुम्ही लिहिलंय. मागच्या जिन्याखालच्या विटांवर त्या थापणाऱ्या गुलाम पोरांच्या बोटांचे ठसे आहेत, त्यात आपण आपली बोटं घालून बघायचो. कर्नलसाहेबांची बोटं एवढी बारीक होती का, तेवढं पुस्तिकेत टाका. आपण दोघी या घरात वाढलो हेही जरा तपासा. मी स्वयंपाकघरात वाढले आणि ते घरापासून चाळीस पावलांवर होतं. बाराव्या वर्षी तुमच्या आईने मला बजावलं की आजपासून नुसतं हॅटी नाही, मिस हॅटी म्हणायचं. बघा, अजून म्हणतेय.

एक विचारायचं होतं. स्वयंपाकघरामागे देवदारांची राई होती. आहे का अजून? तिकडे कुणी जातं का? मी वसंतात तिकडे यायचं म्हणतेय. थोडं काम आहे.

अर्नेस्टीन

*

कॅसिना हॉल
८ फेब्रुवारी

प्रिय टीनी,

तुझी जीभ काही बदलली नाही! विटांचं बघते. समितीच्या अध्यक्ष मिसेस पिंकस्टन पुस्तिकेतल्या प्रत्येक ओळीला नाक मुरडतात, बोटांचे ठसे त्यांना कसे पचायचे? बिस्किटं मात्र केली. दोन घाणे करपले, तिसरा जमला.

तू येणार! ये, नक्की ये. आणि देवदारांचं म्हणशील तर तुला ओळखूच येणार नाही इतकं साफ केलंय मी. लहानपणी साप आहेत म्हणून मला तिकडे जाऊ देत नसत. जाऊन बघते तर काय, सगळ्या राईत जुनी भांडीकुंडी फेकलेली. फुटक्या ताटल्या, बाटल्या, शिंपले, दिव्याच्या काचा, एक बंद पडलेलं घड्याळसुद्धा! लोकांनी किती वर्षं कचरा टाकला असेल देव जाणे. दोन माणसं लावून चार टोपल्या उचलल्या. चांगले तुकडे धुऊन जेवणघरातल्या काचेच्या कपाटात मांडलेत.

आणि टीनी, काय सापडलं ओळख! आजीच्या लग्नातल्या निळ्या वेलीच्या संचातला बारावा कप! अकराच उरलेत आणि बारावा यँकी सैनिकांनी पळवला, हे मी जन्मभर पाहुण्यांना सांगत आलेय. तोच कप आपल्याच मागच्या अंगणात. कान शाबूत, फक्त बुडाला भोक. मेल्यांनी त्यावर नेम धरला असणार. आता तो मधोमध ठेवलाय आणि पुस्तिकेत त्याला अख्खं पान दिलंय.

राई सपाट करून तिथे गाड्या उभ्या करायची सोय होणार आहे. सोमवारी १२ मार्चला जमीन सपाट करायचं यंत्र येईल. घरांचं दर्शन २४ तारखेला सुरू. तू तेव्हाच ये, गर्दीत मजा येईल.

काय गं कुणास ठाऊक, हल्ली एका जागी चैन पडत नाही. सारखी या खोलीतून त्या खोलीत फिरते, काय घ्यायला आले तेच आठवत नाही. वय, दुसरं काय.

तुझी,
हॅटी

*

फिलाडेल्फिया
१४ फेब्रुवारी

मिस हॅटी,

तुमचं पत्र सकाळी आलं. तेव्हापासून चौथ्यांदा लिहायला बसले आहे.

तो कचरा नाही. ती आमची स्मशानभूमी आहे.

माणसाने शेवटी ज्यातून खाल्लं-प्यायलं ते भांडं आम्ही त्याच्या थडग्यावर ठेवतो. घड्याळ असेल तर तो गेला त्या वेळेला बंद करून ठेवतो. भांडं ठेवताना फोडायचं असतं. नाही फोडलं तर गेलेला माणूस घरातल्या दुसऱ्या कुणाला न्यायला परत येतो, असं आमची माणसं मानत आली. दगड घ्यायची ऐपत कुणाची होती? ज्याची ताटली, त्याची खूण. तुमच्या कर्नलसाहेबांच्या काळापासून माझ्या लहानपणापर्यंत सगळे तिथेच आहेत. त्यांच्या खुणा तुम्ही चार टोपल्यांत भरल्यात आणि धुतल्यात.

माझी आई तिथे आहे. माझं काम म्हणाले ते हेच. तिच्यासाठी मी दगड घडवून घेतलाय, नाव घालून. माझ्या बैठकीच्या खोलीत चार महिने पडून आहे, येणारे-जाणारे त्याला ठेचकाळतात. तो तिच्या उशाला लावून मला मोकळं व्हायचंय.

ते यंत्र थांबवा. एवढंच करा. बाकीचं मागून बोलू.

अर्नेस्टीन

*

फिलाडेल्फिया
२६ फेब्रुवारी

मिस हॅटी,

बारा दिवस झाले, तुमची ओळही नाही. तीनदा फोन केला. दोनदा तुमच्याकडची बाई म्हणाली, “मिस हॅटी बैठकीला गेल्यात.” तिसऱ्यांदा म्हणाली, “कोण अर्नेस्टीन?” मला मागे तुमचा आवाज ऐकू येत होता.

मी रोज खाली टपालपेटीशी जाते, वर येते, परत जाते. शेजारीण म्हणते, तुझ्या पायांना कुणी किल्ली दिलीय का? बारा तारखेला चौदा दिवस उरलेत.

अर्नेस्टीन

*

कॅसिना हॉल
१ मार्च

प्रिय टीनी,

रागावू नकोस. तुझं पत्र मी समितीपुढे ठेवलं. म्हणजे वाचून नाही दाखवलं, मजकूर सांगितला. मिसेस पिंकस्टन म्हणाल्या, “हॅटी, आत्ता? तिकिटं विकून झाल्यावर?” त्यांच्या यजमानांनी जमिनीचे जुने नकाशे काढले. त्या जागेवर ‘पडीक’ असं लिहिलंय. स्मशानाचा उल्लेख नाही.

तू त्या वेळी किती लहान होतीस, टीनी. एवढ्या वर्षांत माणसाच्या मनात जागांची सरमिसळ होते. मॉम बायनाला चर्चच्या आवारात पुरलं असेल, नाही का? आणि त्या कपाचं म्हणशील तर तो आमच्या घरचा आहे, तुमच्या कुणाच्या थडग्यावर येईलच कसा? तेवढ्यावरूनच दिसतं की तो ढीग घरातल्या टाकाऊ वस्तूंचा होता.

तुझ्याजवळ काही कागद असेल तर पाठव. एखादी नोंद, एखादा दाखला. मी पुन्हा बोलून बघेन. पण ही गोष्ट पसरली तर दर्शन रद्द होईल, आणि दर्शन रद्द झालं तर छप्पर दुरुस्तीचे पैसे यायचे नाहीत आणि हे घर मला ठेवता येणार नाही. मला दुसरं घर नाही, टीनी. दुसरं काहीच नाही.

हॅटी

*

फिलाडेल्फिया
५ मार्च १९७९

हॅटी,

आता ‘मिस’ लावत नाही. ज्या मुलीशी मला बोलायचंय तिला मी कधीच ‘मिस’ म्हटलं नव्हतं.

कागद मागतेस? कपाटातून तो कप काढ आणि उपडा कर. भोकाच्या डाव्या बाजूला दोन खाचा असतील. यँकींचा नेम नव्हे तो, माझा. कुंपणाचा खिळा आणि दगड घेऊन मी तो फोडला. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा भोक पडलं. अकरा वर्षांची होते मी. आईला पुरून लोक परतले होते, ताजी माती होती आणि शेवटचं भांडं ठेवायचं काम सगळ्यांत धाकट्या लेकीचं असतं.

तो कप तिच्याकडे कसा आला, हे तुला मी सांगायला हवं? नोव्हेंबर १९२४. आई तापाने फणफणली होती. तुझ्या आईने सांगून ठेवलं होतं की घरातलं कुणीही आमच्या झोपडीकडे फिरकायचं नाही. तू आलीस. मागच्या जिन्याने, अंगरख्याखाली कप लपवून, त्यात कोंबडीचा रस्सा. निम्मा सांडला होता. तू म्हणालीस, “मॉम बायना, हा चांगल्यातला कप आहे, यातून प्यायलं की बरं वाटतं.” आई प्यायली. त्यानंतर तिने काही घेतलं नाही. तू तिचा हात धरून बसली होतीस आणि मी तुझ्या शेजारी.

नाताळात तुझ्या आईने कप मोजले. तेव्हा तू जेवणघरात संत्रं सोलत होतीस. तुझी आई माझ्या बहिणीकडे, रोझेटाकडे बघत राहिली आणि तू सोलत राहिलीस. दुसऱ्या दिवशी रोझेटाला काढलं. सतरा वर्षांची. चोर म्हणून नाव झालेल्या मुलीला त्या तालुक्यात कुणी कामावर घेईना. सव्हानाला जाऊन तिने जन्मभर दुसऱ्यांचे कपडे धुतले. कप कुठे आहे ते तिला माहीत होतं. पन्नास पावलं चालून उचलला असता तर नोकरी वाचली असती. पण थडग्यावरचं उचलायचं नसतं. तिने नोकरी जाऊ दिली, कप होता तिथेच राहू दिला.

आणि तू तो उचललास, धुतलास, दिव्याखाली ठेवलास.

तुला चैन का पडत नाही, हे मला नको विचारूस.

यंत्र सोमवारी येणार आहे. मला आज बस धरता येत नाही. डॉक्टरने पायावर शस्त्रक्रिया केलीय आणि टाके निघायला वीस तारीख उजाडेल. नाहीतर मी तुला लिहीत बसले नसते, त्या यंत्रापुढे जाऊन बसले असते. माझ्या जागी तिथे आहे ती फक्त तू.

टीनी

*

तार
कॅसिना हॉलहून, १२ मार्च, सकाळी अकरा चाळीस

यंत्र परत गेलं. पत्र पाठवते. पाय जप. हॅटी

*

कॅसिना हॉल
१३ मार्च १९७९

प्रिय टीनी,

पाकिटावर या वेळी ‘मिसेस अर्नेस्टीन रीव्ह्ज’ लिहिलंय. आयझायाने ते दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. तोही तुमच्यातलाच, त्यालाही ती जागा माहीत असणार. इतकी वर्षं मी त्याच्याकडून तिकिटं घेते आणि त्याने मला कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलंही नाही म्हणा.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी कप उपडा केला नाही. गरजच नव्हती. त्या दोन खाचा पहिल्याच दिवशी पुसताना माझ्या बोटाला लागल्या होत्या.

मला आठवत होतं, टीनी. रस्सा, अंगरखा, मॉम बायनाचा गरम हात, ते संत्रं, सगळं. भोक कुणी पाडलं ते माहीत नव्हतं, पण कप कुणाकडे गेला ते माहीत होतं. यँकींची गोष्ट आईने काढली, रोझेटा गेल्यावर दोन-चार वर्षांनी, पाहुण्यांना सांगायला बरी म्हणून. मी ती पुढे सांगत राहिले. ती सांगताना आपल्याकडे कुणी बोट दाखवत नाही, हे फार बरं वाटायचं. आणि कप हातात आला तेव्हा मी ओरडले, “यँकींनी टाकला!” दोन गडीमाणसं बघत होती. त्यांच्यासमोर मला दुसरं काही सुचलंच नाही. मला लाज वाटते. इतकी की हे लिहिताना तीनदा उठून गेले.

सोमवारी सकाळी जेवणघरातली खुर्ची उचलून देवदारांच्या वाटेवर मधोमध टाकली आणि बसले. घेरदार झग्यात नाही, बागेतल्या जुन्या कोटात. यंत्रावर लेव्हाय गॅडसन म्हणून गावातलाच साठीचा काळा माणूस होता. मी म्हटलं, “माझ्या अंगावरून न्यावं लागेल.” तो खाली उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, “मॅम, मी पहाटेपासून इंजिन बिघडलं म्हणायच्या तयारीत आहे. माझे आजोबा त्या तिसऱ्या झाडाखाली आहेत. पण तुमच्याकडून आलं ते बरं झालं, मला खोटं बोलावं लागलं नाही.”

मग मिसेस पिंकस्टन आल्या. “हॅटी, उठ. लोक बघतायत.”

“बघू देत,” मी म्हटलं, “चोर मी आहे. रोझेटा मंगिन नव्हे. हे तुमच्या पुस्तिकेत छापा.” रोझेटा कोण, ते त्यांना कुठलं माहीत! म्हणून मी सांगितलं. सगळं, तिथेच, खुर्चीत बसून, सगळ्या समितीसमोर. मी बोलत असताना दोघी मोटारीत जाऊन बसल्या.

कॅसिना हॉलचं नाव यादीतून काढलंय. छपराचं आणि माझं काय होईल ते बघू. चार टोपल्या परत राईत नेल्या आहेत, पण टीनी, मी सगळं एकत्र केलं. कुठलं कुणाचं, काहीच लिहून ठेवलं नाही. लेव्हायने त्याच्या आजोबांची बाटली ओळखली, तेवढीच. पानं बाजूला करून आम्ही दोघांनी थडग्यांच्या जागी खचलेले मातीतले खळगे मोजले. एकसष्ट भरले. प्रत्येकाशी काठी रोवली आणि भोवती दोरी बांधली.

कप माझ्याजवळ आहे. मॉम बायनाचा खळगा कुठला ते सांग. झाडापासून किती पावलं, कुठल्या अंगाला, जे आठवेल ते. तुझं उत्तर आलं की त्याच दिवशी ठेवून येते.

हॅटी

*

फिलाडेल्फिया
१९ मार्च १९७९

हॅटी,

तुझं पत्र शेजारणीकडून मोठ्याने वाचून घेतलं, माझ्या डोळ्यांना दिसेना म्हणून. खुर्चीचं आलं तेव्हा ती म्हणाली, “ही बाई वेडी आहे का?” मी म्हटलं, लहानपणी होती, मधे बरी झाली होती.

रोझेटा १९५१ साली गेली. तुझं नाव तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मी सांगायला निघाले की म्हणायची, “ती पोरगी आईसाठी रस्सा घेऊन आली होती ना? राहू दे.” मला ते कधी पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. माफ केलं असं मी लिहिणार नाही. माफ करायचं तर रोझेटाने करावं, आणि तिने कधीच केलं होतं बहुतेक.

आता तू विचारलंस ते. आईचा खळगा कुठला?

मला माहीत नाही, हॅटी.

तुझं पत्र आल्यापासून मी हेच आठवतेय. डोळे मिटते, आणि तेव्हाची झाडं दिसतात, माझ्या उंचीवरून. चौपन्न वर्षांत किती वाढली असतील, किती पडली असतील. मी कधी पावलं मोजली नाहीत. कशाला मोजू? जाईन तेव्हा कप असेल, कप असेल तिथे आई असेल, एवढंच धरून होते मी. तोच एक कागद होता माझ्याजवळ.

हे तुला लागावं म्हणून लिहीत नाहीये. लागेल, ते लागू दे.

उद्या टाके निघतील. शुक्रवारी ३० तारखेला दुपारी दोनच्या बसने उतरेन, आयझाया आणायला येईल. दगडही बरोबर आहे, उतरवायला लेव्हाय गॅडसनला बोलावून ठेव. मी पुढच्या दाराने येणार आहे. आजवर त्या पायऱ्या मी फक्त घासल्यात, एकदा चढून बघते. बिस्किटं करून ठेव आणि या वेळी करपवू नकोस.

कप कुठेच ठेवू नकोस. माझ्या हातात दे. कुठल्या खळग्यात आई आहे ते कळत नाही, तर एकसष्टच्या एकसष्टांपाशी बसावं लागेल. प्रत्येकापाशी थोडा वेळ, कप मांडीवर घेऊन. एका दिवसात व्हायचं नाही, आठवडा लागेल. माझ्या पायाला खाली बसवत नाही आणि तुझ्या गुडघ्यांचं तूच लिहिलंयस.

तेव्हा जेवणघरातून दोन खुर्च्या काढून ठेव.

टीनी